मंगळवारच्या बाई

आमच्या इस्पितळात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. "मंगळवारच्या बाई आल्या का?" असं आयाबायाही विचारायच्या आणि डॉक्टरही. पेणला गणपती बनवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेत त्या सोमवारच्या बाई होत्या, धाटावच्या एका कारखान्यात बुधवारच्या. गुरुवारी पेणजवळची एक शाळा. शुक्रवारी दुपारपर्यंत घरून काम, आणि शनिवारी फोन बंद. त्यांचं नाव रूबी. आडनाव आमच्याच भागातल्या एका गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यामुळे आडनाव ऐकून कुणाला काही वाटायचं नाही आणि मग नाव कळलं की माणसं दुसऱ्यांदा बघायची. कोकणातल्या यहुदी घरांपैकी उरलेलं त्यांचं एक घर. भाऊ, काका, मावश्या सगळे इस्राएलला गेले. या आणि यांची आई रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहिल्या. त्यांच्या धर्मात शनिवारी काम करत नाहीत.

वीस-बावीस वर्षं मुंबईत मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्या कामावर वरच्या जागेवर होत्या. आई थकली तशा परत आल्या आणि हे एक नवंच काम सुरू केलं. आमच्या ट्रस्टने त्यांना नेमलं तेव्हा मला ते नीट कळलंच नव्हतं. मी इस्पितळाचा व्यवस्थापक. रोह्यातलं हे छोटं इस्पितळ उभं राहिलं तेव्हापासून मी तिथे होतो. खुर्च्या किती आणि त्यातल्या मोडक्या किती हेही मला तोंडपाठ. पहिल्याच दिवशी मी जरा खवचटपणेच विचारलं,

"मॅडम, म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला की तुम्हाला बोलवायचं ना?"

"नाही हो मोकल," त्या म्हणाल्या. "त्याला दुरुस्तीवाला आहे. काय घ्यायचं, काय नाही घ्यायचं, आणि सगळं बंद पडलं तर काय करायचं, एवढं ठरवायला मी येणार. मोठ्या कंपनीत याला रोजचा माणूस असतो. तुमचं काम आठवड्यातल्या एका दिवसाचं आहे. उरलेले दिवस मी दुसऱ्यांची."

'तुमचं काम एका दिवसाचं' हे मला लागलं. मी सहा दिवस राबत होतो.

त्या पहिल्या मंगळवारी त्यांनी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाही. सकाळी नऊपासून बाह्यरुग्ण विभागातल्या बाकड्यावर पेशंटांच्या मध्ये जाऊन बसल्या. साधी सुती साडी, पायात रबरी चपला, मांडीवर खाकी पिशवी. एका म्हातारीने त्यांना पेशंटच समजून "तुला काय होतंय गो?" म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून कळलं नाही, बघतेय." दुपारी माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या,

"मोकल, तुमच्याकडे प्रत्येक माणूस आपलं नाव तीन ठिकाणी सांगतो. पहिल्या ठिकाणी ओरडून, दुसऱ्या ठिकाणी वैतागून, तिसऱ्या ठिकाणी चुकीचं."

ट्रस्टींना तेव्हा एक मोठी यंत्रणा घ्यायची होती. भिंतीवर पडदे, त्यावर नंबर, पेशंटच्या मोबाईलवर संदेश. विकणारा माणूस मुंबईहून टाय लावून आला होता. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. "लाईट गेली तर?" आणि "ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं?" तो माणूस हसला आणि म्हणाला, "मॅडम, आजकाल सगळ्यांना येतं." बाई हसल्या नाहीत. शेवटी पडदे आलेच नाहीत. नोंदणीची खिडकी दरवाज्यासमोर हलवली, केसपेपर तिथेच एकदा भरायचा ठरला आणि गर्दी निम्मी झाली. हे मला आधी का सुचलं नाही, याचा राग मी त्यांच्यावर काढला. म्हणजे तोंडाने नाही. मनातल्या मनात.

त्यांचा एक नियम होता. कॉम्प्युटरवर काही बिघडलं की "हे कोणी केलं?" असं त्या कधी विचारत नसत. "काय काय झालं ते सांगा," एवढंच. एकदा नोंदणीच्या मुलीच्या हातून दिवसभराची नावं पुसली गेली. ती रडत बसली. मी तिला झापायला निघालो, तर बाईंनी मला दारातच थांबवलं.

"तिला बोललात तर पुढच्या वेळी ती लपवेल. मग मला काय झालं तेच कळणार नाही. मी आठवड्यातून एकदा येते मोकल. बाकीचे दिवस मला फक्त तुम्ही सांगाल तेवढंच दिसतं."

एका वर्षी इस्पितळाच्या गणपतीची मूर्ती ठरवायला मी पेणला गेलो. सोमवार होता. कारखान्यात शाडूच्या मूर्तींच्या रांगा, ओल्या मातीचा वास, आणि मध्ये बाई एका खोक्यावर बसलेल्या. समोर नाना म्हणून संस्थेचे सगळ्यांत जुने मूर्तिकार, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. दोघांचा वाद चालला होता.

"बाई, गणपतीच्या पाठीवर नंबर टाकायचा? लोक काय म्हणतील?"

"पाठीवर नको नाना. पाटाच्या खाली."

झालं होतं असं की आदल्या वर्षी दोन मूर्तींची अदलाबदल झाली होती. ठाण्याच्या एका घरात उजव्या सोंडेचा गणपती गेला. उजव्या सोंडेच्या मूर्तीचं सोवळंओवळं फार कडक. त्या घरात एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला, सून नोकरीवर जाणारी. त्यांनी घाबरून दहा दिवस कसेबसे काढले, आणि त्यात म्हातारा गेला. मूर्तीमुळे गेला नव्हता, पण त्या घराने नानांना फोन करून जे ऐकवलं त्यानंतर नानांनी दोन महिने मातीला हात लावला नव्हता. हे बाईंना कळलं तेव्हा त्यांनी पाटाखाली नंबर, नंबराचा फोटो आणि गिऱ्हाइकाचं नाव अशी साधी पद्धत बसवली. नानांना मोबाईलवर फोटो काढता येईना. बाईंनी चार सोमवार त्यांच्या शेजारी बसून ते शिकवलं. मातीचे हात पुसायला नाना विसरायचे आणि मोबाईल चिखलाने भरायचा, तो बाई पदराने पुसून परत त्यांच्या हातात द्यायच्या.

"तुम्हाला चालतं का हो?" मी त्यांना परतीच्या एसटीत विचारलं. "म्हणजे, तुमच्या धर्मात मूर्ती..."

"मी पूजा नाही करत. नानांचं काम करते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या घरातला म्हातारा मूर्तीने गेला असं नानांना वाटतं. ते काढून टाकणं मला जमलं नाही. निदान परत तसं होऊ नये एवढं बघितलं."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

आमच्याकडे डायलिसिसची पाच यंत्रं होती. किडनी निकामी झालेल्या माणसांना आठवड्यातून दोनतीनदा येऊन चार-चार तास त्यावर झोपावं लागतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाचं किती पाणी काढायचं, कुणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं. ते सगळं रोज संध्याकाळी एका डिस्कवर उतरवायचं, मग ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून लोखंडी कपाटात ठेवायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. हे काम माझं. बाईंनी पहिल्याच महिन्यात ते मला दाखवलं होतं.

"काढायचीच, मोकल. लावून ठेवली तर तिचा उपयोग नाही. कॉम्प्युटरला जे होईल तेच तिला होईल."

पहिले काही महिने मी ते केलं. मग कंटाळलो. डिस्क लावलेली असली की आपोआप सगळं उतरतं, मग रोज वाकून वायर काढायची कशाला? कंबर दुखते. मी ती तशीच मागे लावून ठेवायला लागलो आणि सोमवारी संध्याकाळी रजिस्टर काढून आठवड्याच्या सह्या एकदम ठोकायला लागलो. मंगळवारी बाई यायच्या, रजिस्टर बघायच्या आणि विचारायच्या, "काढता ना रोज?"

"हो मॅडम, रोज."

हे "रोज" मी किती मंगळवार म्हटलं, ते आठवलं की अजून तोंड कडू होतं.

आणखी एक होतं. दर तीन महिन्यांनी त्या एक तास सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावायच्या आणि म्हणायच्या, आता कागदावर चालवा. सगळे वैतागायचे. त्याच वेळी त्यांनी डायलिसिसच्या प्रत्येक पेशंटला एक छोटी वही द्यायला लावली होती. सिस्टरने प्रत्येक वेळी त्यात दोन ओळी लिहायच्या. म्हात्रे सिस्टर कुरकुर करायच्या, पण लिहायच्या. तो कागदाचा तास मात्र मी पुढे ढकलायला लावला. एकदा तपासणी आहे म्हणून, एकदा शिबिर आहे म्हणून. नंतर तो झालाच नाही.

आणि मग एका शनिवारी सकाळी सातला नोंदणीच्या मुलीचा मला घरी फोन आला. "सर, सगळ्या कॉम्प्युटरवर एकच लाल पाटी आलीय. काहीच उघडत नाय."

मी पोचलो. इंग्रजीत मजकूर होता. तुमच्या सगळ्या फाईली कुलूपबंद केल्या आहेत, या पत्त्यावर संपर्क करा. मी वाकून मागे बघितलं. डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकत होता. डिस्क उघडायला गेलो तर तिच्यातही तेच. सगळ्या फाईलींची नावं बदललेली, एकही उघडेना. मी काय केलं ते सांगतो. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी ती वायर काढली आणि डिस्क कपाटात नेऊन ठेवली.

मग बाईंना फोन लावला. शनिवार. फोन बंद. स्कूटर काढली आणि कुंडलिका नदीचा पूल ओलांडून अष्टमीला गेलो. दार त्यांच्या आईने उघडलं. वाकलेली, पांढऱ्या केसांची, डोळ्यांना कमी दिसणारी.

"कोन पायजे?"

"रूबी मॅडमना भेटायचंय. इस्पितळातून आलोय."

"आज शनवार हाय ना," म्हातारी म्हणाली. "आज ती काम नाय करत."

"आजी, पेशंटांचं आहे."

आतून बाईच आल्या. मी सांगितलं तसं त्यांनी एकच विचारलं, "आज डायलिसिसला किती जण?"

"अकरा."

त्या चप्पल घालायला लागल्या. मी म्हणालो, "तुमचा शनिवार..."

"जिवाचा प्रश्न असेल तर शनिवार मोडायचा, असंच आमच्यात सांगितलंय." आईकडे वळून म्हणाल्या, "येते गं. जेवून घे, वाट बघू नको."

इस्पितळात आल्यावर त्यांनी कपाटातली डिस्क काढली आणि घरून आणलेल्या आपल्या लॅपटॉपला लावून बघितली. मी खोलीच्या दारात उभा होतो. डिस्क आदल्या संध्याकाळीच काढून कपाटात ठेवलेली असती तर तिच्यात हे शिरलंच नसतं. हे त्यांना कळलं असणारच. पण त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. "ही गेली," एवढंच म्हणाल्या.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एक दुसरी डिस्क त्या स्वतःच्या घरी नेऊन ठेवायच्या. ती त्यांनी येताना बरोबर घेतली होती, पण ती साडेतीन आठवडे जुनी. त्यावरून यादी निघाली तसा डायलिसिसचा नवा तंत्रज्ञ खूश झाला. म्हात्रे सिस्टर लग्नाला अलिबागला गेल्या होत्या, त्यांचा फोन लागत नव्हता आणि हा बदलीवर आलेला, पेशंट ओळखत नव्हता. बाईंनी यादी त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही यादी जुनी आहे. हिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येकाची वही बघायची, मगच यंत्र लावायचं. वही नसेल तर लावायचं नाही."

सगळ्यांना फोन झाले. दहा जण वह्या घेऊन आले. अकरावा लहानू वाघमारे, खांब गावाच्या पलीकडच्या आदिवासी वाडीतला, मजुरी करणारा. त्याच्याकडे फोन नव्हता, आणि वही तो क्वचितच आणायचा. दुपारी दोनची त्याची पाळी. जुन्या यादीत त्याच्यापुढे सगळं नेहमीसारखं होतं, रक्त पातळ करायचं औषध नेहमीएवढं. आठवड्यातून एकदा मुंबईहून येणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, इतक्या गावांचे पेशंट, नाव सांगून आठवणार नाही, लिहिलेलं बघून सांगा.

"तुमची स्कूटर आहे ना?" बाई म्हणाल्या.

मी आणि त्या खांबकडे निघालो. महामार्गाचं काम चाललेलं, धूळ, ट्रकच्या रांगा. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. दोघंच होतो. मागे वळून बघायचीही गरज नव्हती, नुसतं समोर रस्त्याकडे बघत बोलता आलं असतं. मी ओठांपर्यंत आणलं आणि म्हणालो, "मॅडम, ऊन फार आहे, नाही?"

"हं," त्या म्हणाल्या.

वाडीत लहानूची बायको दारात होती. लहानू नुकताच पायी निघाला होता, हायवेला जाऊन गाडी पकडणार होता. बाईंनी वहीचं विचारलं तशी ती आत गेली.

"हाय ना ताय. भिजल म्हनून पेटीत ठेवलीय. सिस्टर बाईंनी सांगितलंय, वही हरवायची नाय." पत्र्याच्या पेटीतून, कापडात बांधलेली वही तिने काढली.

बाईंनी शेवटचं पान उघडलं. म्हात्रे सिस्टरचं गिचमिड अक्षर. दोन आठवड्यांपूर्वीची नोंद: पोटात रक्तस्राव. रक्त पातळ करायचं औषध पूर्ण बंद. देऊ नये. खाली दोन रेघा मारलेल्या.

बाईंनी वही मिटली आणि ओटीवर बसल्या. लहानूची बायको घाबरली. "काय झालं ताय? काय वाईट लिवलंय का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "चांगलं लिहिलंय. तू नीट ठेवलीस म्हणून."

त्या दिवशी अकराच्या अकरा जण नीट घरी गेले. बाई संध्याकाळी सहाला पुलावरून चालत घरी गेल्या. मी सोडतो म्हणालो, त्या नको म्हणाल्या.

बुधवारी ट्रस्टची सभा झाली. बाईंना बोलावलं होतं, मलाही. धाटावला कारखाना असलेले आमचे एक ट्रस्टी होते, सगळे त्यांना शेठ म्हणत. बाई बुधवारी ज्या कारखान्यात जायच्या तो त्यांचाच. त्यांनी सुरुवात केली.

"आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या माणसाच्या हातात इस्पितळ दिलं की असंच होणार. त्यात शनिवारी फोन बंद. मोकल घरी जाऊन घेऊन आले म्हणून निभावलं."

अध्यक्ष डॉक्टर शांत माणूस. त्यांनी बाईंना विचारलं, "डिस्क होती ना आपल्याकडे? मग ती कशी गेली?"

"ती लावलेली राहिली होती," बाई म्हणाल्या.

"काढायची होती का?"

"हो."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मोकल, डिस्क रोज काढायची, असं तुम्हाला सांगितलं होतं का?"

टेबलावर चहाचे कप होते. माझ्या कपावरची साय सुरकुतली होती, ती मी बघत होतो. मला माझी नोकरी दिसत होती, निवृत्तीला राहिलेली दोन वर्षं दिसत होती. मी म्हणालो, "तसं साहेब... स्पष्ट असं काही..."

पुढे बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही. शेठ म्हणाले, "बघा."

बाईंचा हात खाकी पिशवीत होता. पिशवीच्या तोंडातून रजिस्टरचा लाल पुठ्ठा मला दिसत होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. वाट बघतात तसं. किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. मी साय बघत होतो. मग त्यांनी पिशवीतून हात बाहेर काढला, रिकामा.

"तपासायचं काम माझं होतं," त्या म्हणाल्या. "मी फक्त विचारत होते, वाकून बघत नव्हते. ती चूक माझी आहे."

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. महिन्याभरात धाटावचं कामही सुटलं. गुरुवारच्या शाळेपर्यंत बातमी गेली, कशी ते मला माहीत आहे आणि मला सांगायची इच्छा नाही. पेणच्या नानांनी मात्र त्यांना सोडलं नाही. "बाई असतील तर मी आहे," म्हणे सरळ सांगितलं त्यांनी. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला नानांचा हेवा वाटला.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. शेठनी माझ्यावर बोलताना तो शनिवार काढला. मोकल स्कूटरवरून वाडीत गेले, वही घेऊन आले, एका गरीब माणसाचा जीव वाचवला. टाळ्या वाजल्या. म्हात्रे सिस्टर मागच्या रांगेत होत्या, त्यांनीही वाजवल्या. मी हात जोडले. उभ्या उभ्या खाली कोसळलो तर बरं, असं वाटत होतं, पण माणूस असा कोसळत नाही. मी हसत होतो.

समारंभ संपल्यावर अध्यक्षांना त्यांच्या गाडीजवळ गाठून मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या मोकल. झालं ते झालं. आता ते उकरून कुणाचं भलं होणार आहे?" गाडी गेली. मला वाटलं होतं की सांगितलं की उतरेल. पण मी चुकीच्या माणसाला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी अष्टमीला गेलो. मे महिना होता. अंगणात चटईवर कोकमाची सालं वाळत घातलेली, बाई त्यांच्याशेजारी पाटावर बसलेल्या. केस बरेच पांढरे झाले होते. मला बघून उठल्या, खुर्ची आणायला निघाल्या. मी म्हणालो, "बसू नका म्हणाल अशी एक गोष्ट आहे, ती आधी सांगू द्या."

उभ्यानेच सांगितलं. डिस्क मी काढत नव्हतो. सह्या खोट्या होत्या. त्या सकाळी ती मी गुपचूप कपाटात ठेवली. सभेत मी अर्धं वाक्य बोलून गप्प बसलो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"डिस्क त्या शनिवारीच कळली. रजिस्टर मंगळवारी चाळलं. सहा-सहा दिवसांच्या सह्या एका दमात केलेल्या, एकाच शाईच्या. ते मला आधीच दिसायला हवं होतं."

"मग सभेत का नाही दाखवलंत? पिशवीत होतं."

त्यांनी एक साल उचललं, उलटं करून परत ठेवलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," त्या म्हणाल्या. "मला खरंच वाटलं होतं, बोलाल."

मी काहीतरी म्हणालो, माफ करा असंच काहीतरी. त्या "केलं" म्हणाल्या नाहीत आणि "नाही" असंही म्हणाल्या नाहीत. आतून त्यांच्या आईचा आवाज आला.

"कोन आलंय गो?"

"इस्पितळातले मोकल, आई."

"शनवारी आलेले ते? बसव गो त्यांना. चांगला मानूस. पेशंटांसाठी कसा धावत आला व्हता."

म्हणजे आईलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी बाईंकडे बघितलं. त्या दाराकडे बघून म्हणाल्या, "हो आई. त्यांना घाई आहे, निघालेत."

मी निघालो. त्या फाटकापर्यंत आल्या. मी स्कूटर चालू केली, तेव्हा म्हणाल्या, "सांभाळून जा. पुलाच्या तोंडाशी रस्ता खणलाय."

वळणावर मी मागे बघितलं. त्या परत पाटावर बसल्या होत्या आणि चटईवरचं एकेक साल उचलून, उलटं करून, उन्हात ठेवत होत्या. ओळीने, एकही न चुकवता.